ढीग बघून भाजी

मंचरहून भीमाशंकरला जाणारा रस्ता घोडेगावातून जातो. घोड नदीच्या काठचं हे गाव आंबेगाव तालुक्याचं मुख्यालय आहे आणि शेतीच्या अंगाने पाहिलं तर ते शिवेवर उभं आहे. पश्चिमेला शिनोली, डिंभे मागे टाकलं की डोंगर सुरू होतो: भातखाचरं, उतारावरची नाचणी आणि वरई, महादेव कोळी आणि ठाकरांच्या वाड्या. आहुपे, भीमाशंकरच्या कड्यावर पाऊस बेफाम कोसळतो. तोच पाऊस पूर्वेकडे लोणी-धामणीपर्यंत पोचेस्तोवर इतका दमतो, की तिथे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. या दोन टोकांच्या मधे कालव्याखालचा बागायती पट्टा आहे. डिंभे, येडगाव, माणिकडोह, वडज आणि पिंपळगाव जोगे ही कुकडी प्रकल्पाची पाच धरणं आंबेगाव आणि जुन्नर या दोन तालुक्यांत मिळून आहेत. त्यांच्या पाण्याने इथल्या शेतीचं वेळापत्रकच बदललं.

त्यामुळे घोडेगावच्या बाजारात दोन पंचांगं शेजारीशेजारी बसलेली दिसतात. एक डोंगराचं. त्यात करवंदं वैशाखात येतात, जांभळं मृगाच्या आसपास, फोडशी पहिल्या पावसावर. ती चुकली तर वर्षभर पुन्हा नाहीत. दुसरं कालव्याचं. त्यात टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, ढोबळी मिरची बाराही महिने आहेतच. शहरातल्या माणसाला दुसरंच पंचांग ठाऊक असतं, म्हणून ‘हंगामी फळं-भाज्या खा’ असं कुणी सांगितलं की त्याला प्रश्न पडतो: सगळंच सदासर्वदा मिळतं, तर हंगाम ओळखायचा कसा?

हंगाम पिकाच्या अंगात असतो. पावट्याचंच घ्या. पावटा, वाल, घेवडा ही एकाच कुळीची भावंडं. यांचे जुने गावरान वाण दिवसाची लांबी ओळखतात. बी ज्येष्ठात टाका की श्रावणात, वेल नुसता पसरत राहील; दिवस लहान व्हायला लागल्याशिवाय तो फुलावर येत नाही. म्हणून ओल्या पावट्याची उसळ मार्गशीर्ष-पौषातली. वर्षभर मिळणारा घेवडा हा दिवसाच्या लांबीला न जुमानणारा, मुद्दाम तसा निवडून काढलेला वाण असतो. जुन्नरच्या हद्दीपलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी घेवड्या-वालाचे कितीतरी गावरान वाण जपले आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या बियाण्याचं मोल पुष्कळांनी सांगितलं आहे. माझ्या मते त्यातली एक गोष्ट फारशी बोलली जात नाही. ते बी हंगाम पाळतं. त्याला कालव्याने फसवता येत नाही.

बाकीच्या पिकांना थंडी-उन्हाची खूण लागते. टोमॅटोला लाल रंग देणारं लायकोपीन तापमान तीस अंशांच्या फार वर गेलं की नीट तयार होत नाही. एप्रिल-मेमधला टोमॅटो पिकला तरी नारिंगी-पिवळट राहतो, तो यामुळे. गाजराचा रंग आणि गोडी थंडीत भरते. मटारची फुलं उन्हाच्या झळांनी गळतात. आंब्याला मोहर धरायला रात्रीचा गारवा लागतो, आणि एकच हापूस कोकणात मार्चपासून उतरतो तर जुन्नरचा हापूस मेअखेर-जूनमध्ये, कोकणचा संपत आल्यावर, पुण्याच्या बाजारात येतो. म्हणजे हंगाम हा महिन्याला बांधलेला असतो तसाच जागेलाही. मुंबईच्या वर्तमानपत्रातली ‘या महिन्यात काय खाल’ ही यादी घोडेगावला तशीच्या तशी लागू पडेल असं नाही, आणि दिल्लीची तर अजिबातच नाही. सातगाव पठारावर, पेठ-कुरवंडीच्या बाजूला, पावसाळी बटाटा होतो. उत्तरेकडे बटाटा म्हणजे हिवाळ्याचं पीक.

आता फायद्यांकडे येऊ. पहिला फायदा ताजेपणाचा.

तोडलेली भाजी मेलेली नसते. ती श्वास घेत असते आणि त्यासाठी स्वतःतलीच साखर जाळत असते. पाणी उडून जात असतं ते वेगळंच. मटारच्या दाण्यातली साखर तोडणीनंतर काही तासांतच पिठूळ होऊ लागते. शेतातल्या शेंगेची गोडी शहरातल्या शेंगेला नाही, ही नुसती गावाकडच्या माणसांची बढाई नव्हे. सर्वांत नाजूक असतं क जीवनसत्त्व. चार अंशांच्या गारव्यात ठेवूनसुद्धा पालकातलं हे जीवनसत्त्व आठवडाभरात सुमारे तीन-चतुर्थांश घटल्याचं प्रयोगांत आढळलं आहे. फरसबीचंही तसंच. गाजर त्या मानाने दमदार, त्याची फारशी घट होत नाही. म्हणजे ताजेपणाचा हिशोब सगळ्या भाज्यांना सारखा लावायचं कारण नाही: पालेभाजी, शेंगा, मटार आजचे आजच, गाजर, भोपळा, सुरण चार दिवस थांबले तरी चालतील.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी हंगामी आहाराचे कैवारी सहसा सांगत नाहीत. हंगामात तोडून लगेच गोठवलेला मटार हा बाजारात चार-पाच दिवस पडून राहिलेल्या ‘ताज्या’ मटारपेक्षा सरस असू शकतो. गोठवण्याआधी तो गरम पाण्यातून काढतात तेव्हा थोडं जीवनसत्त्व जातं, पण नंतरची घसरण जवळजवळ थांबते. आपल्या आज्या-पणज्यांनीही हंगाम साठवलाच होता. वाळवलेली मेथी, गवार, सांडगे, आमसुलं, करवंदांचं आणि भोकरांचं लोणचं हे सारं हंगामाचंच अन्न आहे, फक्त पुढच्या महिन्यांवर ढकललेलं. कांदा तर साठवणीसाठीच जन्मलेला. ओतूर, मंचरच्या बाजूला चैत्राच्या सुमारास काढलेला उन्हाळी कांदा चाळीत घातला की दिवाळीपर्यंत टिकतो. पावसाळ्यात केलेला कांदा मात्र टिकत नाही, तो आणा आणि वापरा. तेव्हा हंगामी खाणं म्हणजे रोज शेतातून तोडून खाणं असा सोवळा अर्थ घेऊ नये.

दुसरा फायदा खिशाचा, आणि त्याचं उदाहरण जुन्नर तालुक्याइतकं ठसठशीत कुठे सापडणार नाही. नारायणगावचा टोमॅटो बाजार महाराष्ट्रात नावाजलेला. जुलै २०२३ मध्ये तिथे वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांच्या वर भाव गेला. शहरात किलोला शंभर, दीडशे आणि काही ठिकाणी त्याहून जास्त मोजावे लागले. काही शेतकरी त्या एका महिन्यात मालामाल झाले, त्याच्या बातम्या देशभर छापून आल्या. सप्टेंबरात भाव इतके कोसळले, की तोडणी आणि वाहतुकीचा खर्चही निघेना, त्याच्या बातम्या आतल्या पानावर आल्या. उन्हाळ्यात लावलेलं रोप तापमानाने आणि रोगाने मार खातं, जून-जुलैत आवक रोडावते, हे दर दोन-तीन वर्षांनी थोड्याफार फरकाने घडतं. तरी जुलैत टोमॅटो शंभरावर गेला की आपण सरकारला शिव्या देतो, पण आमटीत चिंचेचा कोळ किंवा दोन आमसुलं टाकत नाही. आमटीला टोमॅटोच हवा ही समजूत काही फार जुनी नाही.

स्वस्त म्हणजे हलकं, अशी एक विचित्र समजूत शहरी ग्राहकाच्या मनात बसली आहे. भाजीच्या बाबतीत बहुधा उलटं असतं. ज्या भाजीचा ढीग सर्वांत मोठा आणि भाव सर्वांत कमी, ती त्या आठवड्यात सर्वांत ताजी, सर्वांत भरलेली आणि जवळच्या शेतातून आलेली असण्याचा संभव अधिक. ढीग बघून भाजी घ्यावी. काय करायचं हे घरून ठरवून निघालं की महाग आणि शिळं पदरात पडतं.

तिसरा फायदा डोळ्यांना दिसत नाही. हंगामाबाहेर घेतलेलं पीक ओढाताणीत वाढतं. हवा त्याच्या विरुद्ध, कीड आणि बुरशी मात्र जोमात. मग फवारणीचे हात वाढतात. द्राक्षासारखं पीक तर पावसाला इतकं हळवं, की बागायतदाराचा जीव ऑक्टोबरच्या फळछाटणीपासून टांगणीला लागलेला असतो. जुन्नरकडे काहीजण छाटणी आगाप करून लवकरचा भाव गाठायला बघतात, तेव्हा परतीच्या पावसाची जोखीम पत्करूनच. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लवकरच्या द्राक्षाला आपणच जास्त पैसे देतो. आंब्याचंही तेच. फळं पिकवायला कॅल्शियम कार्बाईड वापरण्यावर भारतात बंदी आहे, इथिलीन वायूने पिकवण्याला मर्यादेत परवानगी आहे. तरी कार्बाईडचा मोह सर्वांत जास्त होतो तो हंगामाच्या सुरुवातीला, कोवळ्या फळाला पिवळं करून पहिला भाव पकडायच्या घाईत. जी घरं अक्षय्य तृतीयेला पितरांना आंबा दाखवल्याशिवाय खात नाहीत, ती या घाईतून आपोआप सुटतात.

पण या सगळ्याच्या वर मी ठेवतो तो चौथा फायदा: हंगाम आपल्याला एकाच भाजीवर राहू देत नाही.

कुठल्याही शहरी घराचा महिन्याचा भाजीचा हिशोब मांडून बघा. बटाटा, टोमॅटो, फ्लॉवर, भेंडी, कोबी, पुन्हा बटाटा. वर्षभर हेच. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेत दिवसाला सुमारे चारशे ग्रॅम भाज्या आणि शंभर ग्रॅम फळं असं माप दिलं आहे. ते माप एकट्या फ्लॉवर-बटाट्याने भरलं तर पोट भरेल, गरजा भागणार नाहीत. लोह आणि फोलेट हिरव्या पाल्यात, अ जीवनसत्त्वाचा कच्चा माल गाजर, भोपळा, आंब्यात, क जीवनसत्त्व आवळ्या-पेरूत. एकाच भाजीत सगळं कधीच नसतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. त्याला कारणं अनेक आहेत, एकटी भाजी हे काम करणार नाही. पण पाल्यातलं लोह शरीरात शिरायला क जीवनसत्त्वाची मदत होते, आणि हिवाळ्यात मेथी, चाकवत, हरभऱ्याचा पाला ज्या दिवसांत येतो त्याच दिवसांत आवळा, पेरू, लिंबूही भरात असतात. मेथीच्या भाजीवर लिंबू पिळायला पैसे पडत नाहीत.

आपल्या सणांनी हा बदल घडवून आणण्याचं काम चोख केलं आहे. भाद्रपदात ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचं खायचं नाही, म्हणून परसातलं आणि हाताने पिकवलेलं एकत्र शिजतं: अळू, माठ, भेंडी, शिराळी, लाल भोपळा, सुरण, मक्याचं कणीस. भोगीला तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरीबरोबर वांगी, गाजर, पावटा, ओला हरभरा, मटार, शेंगदाणे आणि वर चार बोरं अशी सगळा पौष एका कढईत आणणारी भाजी. चैत्रगौरीला कैरीची डाळ आणि पन्हं. आषाढात कांदेनवमीला कांद्याची भजी झोडून चातुर्मासात कांदा-लसूण-वांगं बंद, आणि वांगं पुन्हा पानात येतं ते मार्गशीर्षातल्या चंपाषष्ठीला, खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून. त्यामागचं शास्त्र सांगणारे सांगोत. मला एवढं दिसतं, की पावसाळ्यातलं किडकं वांगं सुटतं आणि थंडीतलं भरलेलं, भरताचं वांगं मिळतं.

एक भाबडेपणा मात्र टाळावा. उन्हाळ्यात तहान लागते म्हणून निसर्ग कलिंगड देतो, थंडीत सर्दी होते म्हणून आवळा देतो, अशी वाक्यं सर्रास फिरतात. कलिंगडाला आपल्या तहानेशी देणंघेणं नाही. त्याच्या वेलाला फळ भरायला ऊन लागतं. जांभूळ मधुमेह्यांसाठी ज्येष्ठात पिकत नाही. आयुर्वेदाने ऋतुचर्या सांगितली, चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय तिलाच वाहिलेला आहे, पण तिथे भर आहे तो ऋतूप्रमाणे पचनशक्ती बदलते यावर आणि त्यानुसार आहार-विहार बदलण्यावर. फळाला औषध समजून किलोने खाण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

आता डोंगराच्या पंचांगाकडे वळतो, कारण घोडेगावात उभं राहून त्याबद्दल न बोलणं बरं नाही.

आषाढ-श्रावणात शेतातल्या भाज्यांचे हाल असतात. मेथी-कोथिंबिरीला चिखल लागतो, सडते, भाव चढतो; पालेभाजी पावसाळ्यात जपून खावी हे म्हाताऱ्या माणसांचं म्हणणं त्यातूनच आलेलं. घाटाखाली-घाटावर दोन्हीकडे या दिवसांत कडधान्यं भिजवून, मोड आणून दिवस काढतात. नेमक्या याच वेळी डोंगर उघडतो. फोडशी, जिला बऱ्याच ठिकाणी कुलूची भाजी म्हणतात, पहिल्या सरींनंतर आठवड्या-दोन आठवड्यांत गवतासारखी वर येते. इतक्या झटकन कशी? कारण तिचं अन्न जमिनीखाली मुळांत वर्षभर साठवलेलं असतं. पाऊस ही फक्त उठायची खूण. शेवळंही तशीच, कंदातून. टाकळा आणि कुर्डू बियांतून रुजतात. भारंगीचा कोवळा पाला, करटोली, रानअळू एकामागून एक येतात आणि श्रावण-भाद्रपदात चाईचा मोहर. चाई हा रानकंदाचाच वेल, त्याच्या फुलांच्या लोंबत्या तुऱ्यांची भाजी होते. करटोलीची गंमत अशी, की तिचे नर आणि मादी वेल वेगवेगळे असतात. नर वेलाला फळ धरत नाही.

यातली प्रत्येक भाजी दोन-तीन आठवड्यांची पाहुणी. टाकळा जून झाला की उग्र वास मारतो, फोडशी फुलावर आली की चिवट होते. आणि प्रत्येकीची रीत वेगळी. फोडशीच्या बुडाचा पांढरा, कडक भाग काढून टाकायचा, मग कांदा आणि भिजवलेली डाळ घालून परतायची. भारंगी कडू, म्हणून उकडून, पिळून पाणी टाकून द्यायचं. शेवळं आणि अळू यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते घशाला खाजवतात, त्यामुळे चिंच, आमसूल किंवा काकडाची आंबट फळं घातल्याशिवाय ती चुलीवर चढवायचीच नाहीत. बांबूचे कोंब, म्हणजे वास्ते, चिरून भिजवून, उकळून, पाणी फेकूनच वापरायचे, कारण कच्च्या कोंबात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. ही पाककृती नुसती चवीसाठी नाही, तिच्यात विष उतरवण्याचं ज्ञान आहे. ते पुस्तकात थोडं आणि वाड्यांवरच्या बायकांच्या हातात पुष्कळ आहे.

म्हणून भ्रमणध्वनीवरचा फोटो जुळवून रानातून पाला तोडून आणू नका. कळलावीसारखा दिसायला देखणा वेल याच पावसात याच झुडपांत वाढतो आणि त्याचा कंद जीवघेणा असतो. रानभाजी ओळखणाऱ्याच्याच हातून घ्यावी, आणि घेताना दोन प्रश्न विचारावेत: मावशी, हिचा कुठला भाग टाकायचा? आणि पहिलं पाणी ठेवायचं की फेकायचं? उत्तर नीट मिळतं, शिवाय डाळ कुठली घालायची हेही कळतं.

रानभाज्यांना आता थोडे चांगले दिवस आले आहेत. जागतिक आदिवासी दिनाच्या, म्हणजे ९ ऑगस्टच्या सुमारास कृषी विभाग जिल्ह्याजिल्ह्यांत रानभाजी महोत्सव भरवतो. कौतुकाची एक दुसरी बाजूही असते. मागणी वाढली की मुळासकट उपटलं जातं, चाईचा सगळा मोहर तोडला की पुढच्या वर्षीचं बी कमी होतं. वाड्यांवरच्या जुन्या बायका फोडशीचा पाला वरच्यावर खुडतात, कंद जमिनीत ठेवतात. विकत घेणाऱ्याने मुळासकटची जुडी नाकारली तर ही रीत टिकायला हातभार लागेल.

भीमाशंकरला किंवा माळशेज घाटाकडे जाताना वैशाखात करवंदांचे पानाचे द्रोण आणि आषाढात भिजलेल्या जुड्या घेऊन रस्त्याच्या कडेला बाया बसलेल्या दिसतात. त्या द्रोणामागे काट्यांतली सकाळ असते, त्या जुडीमागे पावसातली चढण. दुकानातल्या परदेशी किवीला कुणी ‘दहा कमी करा’ म्हणत नाही. तेव्हा तिथे गाडी थांबवा, सुटे पैसे जवळ ठेवा आणि त्या बाईने सांगितलेला भाव द्या.